रेगेन्सबुर्गचा पांढरा चौथरा



इंदूरात आमची ही पाचवी पिढी. तरी लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही मूळचे कुठले?" मागच्या उन्हाळ्यात हा प्रश्न मला थेट जर्मनीत आठवला.

सौ. आणि मी डॅन्यूब नदीच्या क्रूझवर होतो. एका सकाळी बोट रेगेन्सबुर्गला लागली. गाव फार जुनं. इ.स. १७९ मध्ये इथे रोमन सैन्याची छावणी होती. तिच्या दरवाजाची कमान आजही एका भिंतीत दिसते. नदीवरचा दगडी पूल ११३५ ते ११४६ मध्ये बांधलेला, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही जवळजवळ दीडशे वर्षं आधीचा! ग्रहांचे नियम मांडणारा केप्लर १६३० मध्ये थकलेले पैसे मागायला याच गावात आला आणि इथेच वारला. पुलाजवळ सॉसेजची प्रसिद्ध खानावळ आहे. आम्ही शाकाहारी, पाव आणि आंबट कोबीवर भागवलं.

मग नॉयफार चौकात आलो. तिथे पांढरा, बुटका चौथरा आहे. पोरं उड्या मारत होती, लोक आइस्क्रीम खात होते. पाय दुखत होते म्हणून मीही टेकलो. गाइडबाई म्हणाली, "आजोबा, तुम्ही सिनेगॉगमध्ये बसलाय."

मी चटकन उठलो. ती म्हणाली, "बसा, बसण्यासाठीच आहे."

या जागी ज्यूंची वस्ती होती. पाचशे वर्षांहून जास्त काळ ते इथे राहिले, ते सम्राटाच्या आश्रयाने. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट माक्सिमिलियन वारला आणि पुढच्याच महिन्यात नगरपरिषदेने त्यांना हाकललं. सिनेगॉग पाडलं, घरं पाडली. थडग्यांचे दगड उपटून लोकांनी बांधकामाला वापरले. हिब्रू अक्षरांचे ते दगड काही भिंतींत अजून दिसतात. चित्रकार आल्टडॉर्फर परिषदेचा सभासद होता. पाडण्याआधी त्यानेच सिनेगॉगची आतली चित्रं काढून ठेवली. पाडणाऱ्यांतलाच एक, आणि आठवणही त्याच्याच हातची!

१९९५ नंतर खोदकामात पाया सापडला. दानी कारावान या इस्रायली शिल्पकाराने २००५ मध्ये त्याच आकाराचा हा चौथरा केला. १९३८ मध्ये गावातलं दुसरं सिनेगॉग नाझींनी जाळलं होतं. त्या जागी २०१९ मध्ये, बरोबर पाचशे वर्षांनी, नवं उभं राहिलं.

बोटीवर परतल्यावर झोप लागेना. त्या लोकांना कुणी "मूळचे कुठले?" विचारलं असतं तर "रेगेन्सबुर्गचेच" म्हणाले असते ना? आपले पूर्वजही होळकरांच्या आश्रयाने आले. राज्य गेलं, पण इंदूरने आपल्याला परकं मानलं नाही. हे आपलं भाग्य, हे मला त्या चौथऱ्यावर कळलं.

घरी आल्यावर माळ्यावरची पणजोबांची मोडीतली कागदपत्रं खाली काढली. वाचता येत नाहीत, पण वाचणारा शोधतोय. तुमच्याकडे असं काही असेल तर जपा, मंडळी.