गुराडियाचे दोन दिवस

१८५७ च्या उठावाचा माळव्यातील वृत्तान्त म्हटला की आम्हां इंदूरकरांच्या डोळ्यांपुढे १ जुलैची रेसिडेन्सी उभी राहते : सादतखानाचा हल्ला, कर्नल ड्यूरंडचे पलायन, आणि तुकोजीराव महाराज कोणत्या पक्षाचे हा न संपणारा वाद. (या वादावर आम्हीही पुष्कळ शाई खर्च केली आहे.) मंदसोर-नीमच मार्गावरील गुराडिया हे खेडे मात्र कोणास आठवत नाही. शहाजादा फिरोजशहाने मंदसोरास निशाण उभारले होते आणि त्याच्या लोकांनी नीमचच्या किल्ल्यास वेढा घातला होता. धारचा किल्ला घेऊन ड्यूरंडसमवेत निघालेली इंग्रजी फौज २३ नोव्हेंबर रोजी गुराडियापाशी त्यांस भिडली. मैदानातील सामना त्याच दिवशी निकालात निघाला. परंतु गावाचा आश्रय घेतलेले लोक हटेनात. दुसऱ्या दिवशी तोफांच्या माऱ्याने घरे पेटली व गाव हस्तगत झाले. नीमचचा वेढा उठला. डिसेंबरात ड्यूरंड इंदुरास परतला. युद्धवृत्तान्तास एवढे पुरते. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. नोव्हेंबर हा माळव्यात ज्वारी घरात येण्याचा आणि गव्हाच्या पेऱ्याचा महिना. पेटलेल्या छपरांखाली कोणाची कणगी होती, हे दोन्ही सैन्यांपैकी कोणीच लिहून ठेवले नाही.