सियालदहच्या दारातील रात्र

कोलकात्यातील सियालदह स्थानक म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला फाळणी आठवते. पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे याच फलाटांवर पथाऱ्या टाकून राहिली. मला मात्र नागरिकशास्त्र शिकविताना सियालदहची दुसरीच एक रात्र आठवते.

८ जुलै १९९२. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मथुरापूर स्थानकावर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला गंभीर इजा झाली. गावच्या आरोग्य केंद्रात साधने नव्हती, म्हणून रात्री पावणेबाराला त्याला सियालदह स्थानकाजवळील नीलरतन सरकार रुग्णालयात आणले. तेथील डॉक्टरांनी क्ष-किरण चित्रे काढली आणि तातडीने दाखल करण्याची शिफारसही केली. पण खाट रिकामी नव्हती. मग सुरू झाली वणवण. बारा वाजून वीस मिनिटांनी कलकत्ता मेडिकल कॉलेज : खाट नाही. एक वाजता शंभुनाथ पंडित रुग्णालय : तो विभाग नाही. दोन वाजता नॅशनल मेडिकल कॉलेज : खाट नाही. सकाळ उजाडल्यावर आणखी दोन दारे, आणि तोच नकार. ही सारी रुग्णालये सरकारी होती. शेवटी एका खाजगी रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतले. तो वाचला, पण सुमारे १७,००० रुपये खर्चून. शेतमजुराच्या घरी ही रक्कम कशी उभी राहिली असेल, हे आपल्या पालकांना वेगळे सांगायला नको.

त्याच्या ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. अनुच्छेद २१ प्रत्येकाला जीविताचा हक्क देतो. परंतु तो हक्क कोणावर कोणते कर्तव्य टाकतो, हा खरा प्रश्न होता. ‘जीव घेऊ नका’ एवढेच सरकारला सांगून तो हक्क पुरा होतो काय? डॉक्टरांपुरते उत्तर परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच मिळाले होते : पोलिसी सोपस्कारांसाठी जखमीचे उपचार अडवता येणार नाहीत. ६ मे १९९६ रोजी न्या. अग्रवाल आणि न्या. नानावटी यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. वेळेवर उपचार न देणे हाच जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा अपुरा आहे ही सबब या कर्तव्याच्या आड येऊ शकत नाही, असे त्यांनी ठरविले. शासनाला २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम मला आजही तोकडी वाटते.

वर्गात मी त्या रात्रीच्या वेळा फळ्यावर लिहिते आणि विचारते, ‘चुकले कोण?’ मुले आधी डॉक्टरांकडे बोट दाखवितात. मग कोणीतरी म्हणते, ‘बाई, पण खाट खरंच नसेल तर?’ येथून खरी चर्चा सुरू होते, कारण प्रत्येक दारात कारण तयार होते आणि त्या कारणांच्या बेरजेत एक माणूस रस्त्यावर होता. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण आज डॉक्टर आहेत, काही प्रशासनात. त्यांच्या टेबलासमोरही असे कारण कधीतरी तयार असेलच.

गेल्या वर्षी आठवीतील एका मुलीने विचारले, ‘बाई, कुठे खाट आहे हे त्यांनी एक फोन करून का नाही विचारलं?’ तिला मी निकालपत्रातील निर्देश दाखविला. सर्व सरकारी रुग्णालये जोडणारी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था उभारा, म्हणजे रिकाम्या खाटेपर्यंत रुग्ण थेट पोहोचेल, असे न्यायालयाने नेमके लिहिले आहे.