गहतापसा

नाणेघाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्याची आठवण आपल्याला बहुधा दानांच्या आकड्यांमुळे असते. अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय असे यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा: कुठे १,७०० गाई व १० हत्ती, कुठे ११,००० गाई व १,००० घोडे, कुठे हजारो कार्षापण. सातवाहनांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे आकडे पुनःपुन्हा मोजले, आणि ते योग्यच झाले. परंतु याच लेखात राणीविषयी तीन विशेषणे एकामागून एक येतात, त्यांच्याकडे वंशावळीच्या वादात फारसे कोणी थांबत नाही. 'मासोपवासिनिय', 'गहतापसाय', 'चरितब्रह्मचरियाय': महिनाभराचे उपवास करणारी, घरात तापसी झालेली, ब्रह्मचर्य आचरलेली. बहुतेक अभ्यासकांनी हे वर्णन विधवेच्या नियमबद्ध आयुष्याचे मानले आहे. पती गेला, मुले राज्यावर येण्याच्या वयात आली किंवा येत होती, आणि राणी राजवाडा न सोडता तापसी झाली.

'गहतापसा' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. धर्मशास्त्राने आयुष्याचा उत्तरार्ध सांगितला तो घराबाहेरचा. अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले की माणसाने वनाची वाट धरावी. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावे किंवा सोबत न्यावे. या चित्रात पुरुष निघतो आणि स्त्री कोणाच्या तरी स्वाधीन असते. ज्याचे काम संपले आहे, पण जो कुठेच निघालेला नाही, आपल्याच चार भिंतींत दिवसाला नवा आकार देत बसला आहे, अशा माणसाला या चित्रात नाव नाही. ते नाव दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नर तालुक्यातल्या एका घाटवाटेवर, महाराष्ट्री प्राकृताच्या जवळच्या भाषेत कोरले गेले. अर्थात राणी एकटी नव्हती. दासदासी, मंत्री, पुत्र सारे भोवती असणार. पण दिवस आखायचा प्रश्न तिलाही चुकला नसावा. तो तिने कसा आखला हे मात्र लेख सांगत नाही. गाई मोजल्या आहेत, दिवस मोजलेला नाही. याच लेण्यात सातवाहन कुळाच्या प्रतिमाही होत्या. आज त्यांची कोरलेली नावे आणि काही पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

दिवसाचा शोध घ्यायचा तर राणीचे लेणे सोडून भिक्खूंच्या लेण्यांकडे वळावे लागते. जुन्नरच्या भोवती, तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री अशा डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास कोरीव लेणी आहेत. चैत्यगृहांपेक्षा त्यांत राहण्याच्या खोल्या किती तरी अधिक. लेण्याद्रीचे ज्या लेण्यात आज गिरिजात्मजाचे स्थान आहे, तो मुळात वीस खोल्यांचा विहार. भाविक तीनशेच्या जवळपास पायऱ्या चढून येतात, मंडपात खांब नाही म्हणून आश्चर्य करतात, दर्शन घेतात आणि उतरतात. दोन्ही अंगांच्या काळोख्या खोल्यांत डोकावणारे थोडे. डोकावले तर दिसते ते इतकेच: एक माणूस आडवा होईल एवढी जागा, काही ठिकाणी दगडातच सोडलेला ओटा. आत राहणाऱ्याची मालमत्ताही विनयाच्या नियमांनी ठरवून दिलेली: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद, पाणी गाळायचे फडके. सकाळी भिक्षेला गावात जायचे, लेण्याद्रीच्या भिक्खूला तर कुकडी ओलांडून. मध्यान्हीच्या आत जेवण उरकायचे. दुपार आणि संध्याकाळ स्वाध्यायाची व ध्यानाची. पंधरवड्यातून एकदा उपोसथाला सर्वांनी जमायचे, पावसाळ्याचे तीन महिने कुठेही न हिंडता एका जागी काढायचे. घर सोडलेल्या माणसाचे हे वेळापत्रक कोणाही निवृत्त गृहस्थाला ओळखीचे वाटेल. वेळेवर उठणे, मोजके खाणे, ठरलेली फेरी, ठरलेला वाचनाचा तास. बाहेरून कोणी विचारणारे उरले नाही की शिस्त आतून आणावी लागते.

पण खोलीतला एकांत हा एकट्याने उभा केलेला नाही, हे जुन्नरचे दगडच सांगतात. इथल्या लेखांत दाते कोण आणि त्यांनी काय दिले ते पाहावे. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी मानमोडीवर पोढी आणि मंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व एक पोढी दिली. म्हणजे कोणी निजायची जागा, कोणी जेवायची जागा, आणि पुनःपुन्हा पाणी. सह्याद्रीच्या कड्यावर चार महिने धो धो पाऊस आणि पुढे आठ महिने कोरडे. डोंगरात राहायचे तर पावसाचे पाणी साठवण्यावाचून गत्यंतर नाही. म्हातारपणी एकट्याला राहता येईल का, हा प्रश्न शेवटी पाणी कोण भरणार या प्रश्नापाशी येतो, तो तेव्हाही तिथेच येत होता. पोढी देणाऱ्या यवनाला तो आपल्याहून नीट कळला होता असे म्हणावेसे वाटते.

आजारपणाचे काय, याचेही उत्तर त्या परंपरेत आहे, आणि ते दात्यांचे नाही. विनयपिटकात एक कथा येते. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि मग संघाला सुनावले: तुम्हांला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील. एकेकट्या खोल्यांच्या रांगेत हा धोका पहिल्यापासून होता, म्हणून तर नियम करावा लागला.

यापुढची पायरी अधिक व्यवहारी. खोली आणि पाणी एकदा देऊन भागते. अन्नवस्त्र दरवर्षी लागते. त्यासाठी 'अखयनीवि' म्हणजे अक्षय ठेव. मुद्दल श्रेणीकडे ठेवायचे, त्याला कोणी हात लावायचा नाही, व्याजावर खर्च चालवायचा. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण शेजारच्या नाशिकात, नहपानाचाच जावई उषवदात याच्या लेखात आहे. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० येते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे, तेही २४०. हिशोब कवडीला कवडी जुळतो. जुन्नरच्या लेखांतही बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी येतात. शक उपासक अडुथुमाने वडालिका गावातली २० आणि कटपुतक गावातली ९ निवर्तने जमीन लावून दिली, पहिली करंजाच्या झाडांशी जोडलेली, दुसरी वडाच्या. एका लेखात नगरातल्या धम्मुत्तरीय भिक्षुणींच्या वस्तीचा उल्लेख आहे. बायका गावात, पुरुष डोंगरावर, अशी विभागणी असेल तर ती सुरक्षिततेची असावी. एकट्या बाईला राहायला डोंगर तेव्हाही सोपा नव्हता.

नंतरच्या शतकांत ही व्यवस्था मोडली, लेणी ओस पडली, आणि उतारवयाची सोय पुन्हा घराकडे व राजाश्रयाकडे आली. मराठी दप्तरांत तिला 'वर्षाशन' म्हणतात. शब्दाची फोड वर्ष आणि अशन, वर्षाचे जेवण. विद्वान, देवस्थाने, कामी आलेल्या शिलेदारांची कुटुंबे यांना ते मिळे, आणि धन्याची मर्जी फिरली की थांबे. इंग्रजांनी १८७१ च्या पेन्शन कायद्याने अशा नेमणुकांबाबत दिवाणी दावाच बंद केला, म्हणजे मर्जीला कायद्याचे रूप दिले. 'पेन्शनर' हा शब्द मराठीत आला तो ही छटा घेऊन. पुण्याला पेन्शनरांचे गाव म्हणणाऱ्यांच्या स्वरात जी थोडी थट्टा असे तिचे मूळ इथे असावे: काम न करता खाणारा, सरकारच्या कृपेतला. ही छटा पुसायला १७ डिसेंबर १९८२ उजाडावे लागले. त्या दिवशी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नाही, केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे. उषवदाताने दगडात कोरून जे अक्षय करू पाहिले, ते निदान सरकारी नोकरासाठी न्यायालयाने शब्दांत अक्षय केले.

निदान सरकारी नोकरासाठी, हे लक्षात ठेवायला हवे. त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या घाटमाथ्याच्या तालुक्यांतून मुंबईला गेलेली माणसे गिरणीत होती, बंदरावर होती, डबे वाहत होती. त्यांतले अनेक उतारवयात, किंवा त्याआधीच, गावी परतले. मनीऑर्डर पाठवणारा आता मनीऑर्डरची वाट पाहू लागला. गिरणी सुटलेल्याला निवृत्त म्हणता येत नाही. त्याला समारंभ नाही, नारळ नाही, महिन्याच्या एक तारखेला खात्यात येणारी रक्कम नाही. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ ची, आणि तिच्यात किमान १,००० रुपये मिळतील असे ठरले ते २०१४ मध्ये. तोवर लूमवर उभा राहिलेला माणूस ओसरीवर किती वर्षे बसला होता.

आज या दोन तालुक्यांत एकट्याने राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची दिनचर्या पाहिली तर ती अशा प्रकारे आधी कोणाच्या पदरी काय पडले यावर ठरलेली दिसते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी घोडेगाव, मंचर, नारायणगाव किंवा जुन्नरच्या पेठेत राहतात, मुले पुण्याला. पहाटे फिरणे, एक कप चहा, पेपर शब्दकोड्यासकट, औषधांची डबी, दुपारी कुकरची एकच शिट्टी. महिन्याच्या सुरुवातीला बँकेत पासबुक भरून आणणे हा सोहळा असतो. पैसे मोबाइलवर कळतात हे खरे, पण ओळीत उभे राहून चार माणसे भेटतात. वय ७५ झाले की ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. फुकट, म्हणून एखादी फेरी काम नसतानाही होते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे अंगठा लावून सिद्ध करायचे, आणि अंगठ्याच्या रेषा झिजल्या असल्या तर यंत्र ते मानत नाही. संध्याकाळ मात्र आखूड झाली आहे. कुकडीच्या कालव्यांनी ऊस आला, उसात बिबट्या आला. २००१ च्या सुमारास जुन्नर वन विभागात माणसांवरचे हल्ले वाढले आणि माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचे केंद्र उभे राहिले. शेतातल्या वस्तीवर एकटी राहणारी माणसे तेव्हापासून दिवेलागणीलाच कडी लावून घेतात. (गुरुजींच्या मागून आलेल्या पिढीला हेही स्वास्थ्य नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांसाठी महाराष्ट्राने जुनी पेन्शन बंद केली; मार्च २०२३ मध्ये कर्मचारी त्यासाठी संपावर गेले.)

पश्चिमेकडे, भीमाशंकरच्या आणि नाणेघाटाच्या बाजूला, महादेव कोळी वस्त्यांत जावे तर 'निवृत्त' हा शब्दच विरतो. तिथली म्हातारी म्हणते, आता हातपाय थकले. थकणे हे तिचे निवृत्त होणे, आणि त्याची तारीख नसते. मुलगा मुंबईत किंवा चाकणला, नातवंडे आश्रमशाळेत. ती उजाडता चूल पेटवते, कोंबड्या सोडते, हंडा जमेना म्हणून कळशीने दोन खेपा करते. एप्रिल-मेमध्ये बाळहिरडा वेचून अंगणात वाळत घालते. पाऊस वळवाचा असो की मोसमी, आभाळ भरले की एकटीला तो गोळा करावा लागतो. वर्षाच्या रोख पैशांतला मोठा वाटा या हिरड्याचा. दुसरा वाटा सरकारी. १९९५ साली केंद्राने निराधार वृद्धांसाठी पेन्शन सुरू केली तेव्हा ती महिना ७५ रुपये होती. श्रावणबाळ योजनेतून २०२३ पासून महाराष्ट्रात १,५०० मिळतात. श्रावणबाळ या नावातच गोम आहे. कावड खांद्यावर घेणारा मुलगा जवळ नाही, म्हणून तर ही योजना. आणि अर्ज करताना उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत असल्याचा दाखला तहसीलदाराकडून आणायचा, त्यासाठी घोडेगावची किंवा जुन्नरची एस.टी. धरायची.

तिच्या दिवसाची नोंद कोणत्याही लेखात होणार नाही. ती उपवास करते: सोमवार, एकादशी, कधी नुसताच घास जात नाही म्हणून. संध्याकाळी दिवा लावते आणि एकटीपुरती भाकरी थापते, सवयीने पीठ दोन भाकऱ्यांचे घेतले जाते. दुसरी ती सकाळी चहाबरोबर खाते. मार्च उलटला की वस्तीवरचा झरा आटतो, आणि टँकर आला तर शेजारची सून तिची कळशी आपल्या रांगेत ठेवते.