फुटबॉल क्लब, महाराष्ट्रातील : अर्थकारण, पाठीराखे व प्रेक्षकसंख्या

फुटबॉल क्लब, महाराष्ट्रातील : नियमित स्पर्धांत उतरणारे, खेळाडूंना पगार किंवा मानधन देणारे आणि थोडाफार का होईना, स्वतःचा प्रेक्षक असलेले राज्यातील संघ. ढोबळमानाने त्यांचे तीन प्रकार आहेत : कंपन्या व सरकारी आस्थापनांचे संघ, उद्योगसमूहांनी काढलेले व्यावसायिक क्लब आणि कोल्हापुरातील पेठांच्या तालीम मंडळांचे संघ. पहिल्या दोन प्रकारांकडे पैसा मोठा होता. तरीही २०१० ते २०१९ या दहा वर्षांत मुंबई-पुण्याचे किमान सात संघ राष्ट्रीय लीगमधून नाहीसे झाले. तालीम मंडळांना मालक नाही, ताळेबंद दाखवावा एवढी उलाढालही नाही. ते मात्र टिकून आहेत. महाराष्ट्रात कोणताही मोठा क्लब तिकिटांच्या पैशावर चाललेला नाही. त्यामुळे क्लबचा खर्च कोण उचलतो आणि त्याचा संघाशी संबंध काय, हाच या नोंदीचा मुख्य विषय आहे.

कंपन्यांचे संघ : मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला ती लष्करी पलटणींच्या संघांची होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली आणि गोऱ्या पलटणींची मक्तेदारी मोडली. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन (विफा) १९११ मध्ये स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर कूपरेज मैदानावर टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, मध्य रेल्वे, एअर इंडिया, आरसीएफ असे संघ खेळत. खेळाडूला क्लबचा करार नसे, कंपनीची नोकरी असे. सकाळी सराव, दुपारी कचेरी आणि खेळ संपल्यावर निवृत्तीपर्यंतचा पगार, ही त्याची हमी होती. मध्यमवर्गीय आणि कामगार घरांतली मुले फुटबॉलकडे वळली ती या हमीमुळे, आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. संघाचा खर्च कंपनीच्या कर्मचारी कल्याणात किंवा प्रसिद्धीत जिरून जाई, म्हणून तिकीटविक्रीची फिकीर कोणाला नव्हती. पाठीराखा तयार करण्याची गरजही त्यामुळे कोणाला वाटली नाही. रोव्हर्सला कोलकात्याचे संघ आले की मुंबईतली बंगाली मंडळी कूपरेजला गर्दी करत. गिरणीच्या वा बँकेच्या संघासाठी घसा फोडून ओरडणारे बहुतेक त्याच कंपनीतले सहकारी असत. गिरण्यांची घडी विस्कटली तसे गिरण्यांचे संघही संपले. रोव्हर्स चषकाचा शेवटचा हंगाम २०००-०१ चा.

या परंपरेतला सर्वांत यशस्वी संघ महिंद्रा युनायटेड. १९६२ मध्ये सुरू झालेल्या या संघाने ड्युरँड व फेडरेशन चषक एकाहून अधिक वेळा जिंकले आणि डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद करत असल्याचे जाहीर केले आणि शालेय फुटबॉलकडे लक्ष वळवले. संघ हरत नव्हता की कंपनी अडचणीत नव्हती. व्यवस्थापनाचा अग्रक्रम बदलला एवढेच. संघाच्या अस्तित्वाबद्दल ज्यांचे मत विचारात घ्यावे लागेल असे पाठीराखे नव्हते. असते तर हा निर्णय इतक्या सहज झाला नसता. एअर इंडियाचा संघ २०१३ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगच्या बाहेर गेला. आशियाई महासंघाच्या क्लब परवाना नियमांना स्वतंत्र कंपनी, युवा संघ आणि लेखापरीक्षित हिशेब लागत, आणि आस्थापनेचा एक विभाग म्हणून चालणारा संघ त्यांत बसत नव्हता.

पुणे आणि मुंबईचे व्यावसायिक क्लब : २००७ मध्ये आय-लीग सुरू झाली आणि त्याच वर्षी एस्सेल समूहाचा मुंबई एफसी आणि अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी हे क्लब निघाले. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला. त्याची युवा अकादमी देशातल्या चांगल्या अकादम्यांपैकी होती. सामने मात्र बालेवाडीच्या भव्य क्रीडासंकुलात, आणि ते त्या वेळी शहराच्या टोकाला होते. पेठांतल्या किंवा कॅम्पातल्या माणसाला कामाच्या दिवशी तिथे जाणे-येणे म्हणजे अर्धा दिवस मोडणे. कॅम्प आणि खडकीच्या जुन्या फुटबॉल वस्त्यांमधला प्रेक्षक संघाच्या पाठीशी उभा करण्याची संधी होती, पण मैदान आणि वस्ती यांतले अंतर शेवटपर्यंत मिटले नाही.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली आणि पुण्यात एकाच वेळी तीन-तीन क्लबांचे खर्च सुरू झाले. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ हा एकच हंगाम खेळला. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. डीएसके शिवाजियन्स, ज्याची मुळे १९८७ मधल्या स्थानिक शिवाजियन्स संघात होती, दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये आयएसएलच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, ‘ऑरेंज आर्मी’ नावाचा पाठीराख्यांचा गट त्याच्यामागे उभा राहिला. मग क्लबमागचा वाधवान समूह आर्थिक संकटात सापडला, २०१९ मध्ये क्लब संपला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबई एफसी २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये तळाला राहून त्याआधीच विसर्जित झाला होता. ऑरेंज आर्मीतल्या तरुणांनी पाच हंगाम ज्या रंगासाठी बेंगळुरू-मुंबईचे प्रवास केले, त्या रंगाचा क्लब उरला नाही. या सगळ्या पडझडीत सर्वांत मोठा तोटा यांचाच झाला आणि त्याची नोंद कुठल्याही ताळेबंदात नाही. दुसऱ्या क्लबाचा शर्ट घालणे त्यांच्यातल्या अनेकांना शक्य नव्हते.

गोव्यातही याच सुमारास धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. तिथले कारण वेगळे होते. भारतीय महासंघाच्या नव्या रचनेत आयएसएल वर आणि आय-लीग खाली जाणार होती, आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोसारख्या क्लबाला ती वागणूक मान्य नव्हती. हे क्लब गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिले. घराण्याची आणि गावाची नाळ होती, म्हणून ते मेले नाहीत.

मुंबई सिटी : आयएसएलच्या पहिल्या दोन हंगामांत देशभर सामन्याला सरासरी वीस हजारांहून अधिक प्रेक्षक होते. निकोला आनेल्का आणि फ्रेडी युनबर्ग यांना पाहायला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर लोक आले. नव्याची नवलाई ओसरली आणि २०१६ पासून मुंबई सिटी अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातल्या मुंबई फुटबॉल अरेनात खेळू लागला. तिथली क्षमता सुमारे सात हजार. त्यामुळे मुंबईच्या प्रेक्षकसंख्येतली घट बरीचशी आसनांचीच घट आहे, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे. ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हा पाठीराख्यांचा गट याच छोट्या मैदानावर घट्ट झाला. मोठ्या क्रिकेट मैदानावर विखुरलेले दहा हजार आणि गोलमागच्या भिंतीसारखे उभे राहणारे काही शे यांत खेळाडूला दुसरे जास्त जाणवतात.

याच मैदानावर १ जून २०१८ रोजी भारत-चायनीज तैपेई सामन्याला २,५६९ प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफीत टाकून लोकांना हात जोडून बोलावले : टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर या. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना, जो छेत्रीचा शंभरावा होता, भर पावसात भरगच्च झाला. भारताने तो ३-० असा जिंकला. प्रेक्षक मुंबईत आहे आणि बोलावल्यावर येतो, एवढे त्या चार दिवसांत सिद्ध झाले. पण दर सामन्याला अशी हाक कोण देणार?

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला ६५ टक्के हिस्सा घेतला. रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे मूळ भागधारक राहिले. यश लगेच आले. १३ मार्च २०२१ रोजी एटीके मोहन बागानला २-१ असे हरवून संघ पहिल्यांदा विजेता झाला. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला. करोनामुळे संपूर्ण हंगाम गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला होता, म्हणून हा गोल पाहायला मुंबईचा एकही पाठीराखा फातोर्ड्यात नव्हता. २०२३ मध्ये सौदी अरेबियाचा अल-हिलाल नवी मुंबईत खेळायला आला तेव्हा त्यांचा जखमी तारा नेमार येणार नाही हे ठाऊक असूनही डी. वाय. पाटीलवर तीस हजारांच्या आसपास प्रेक्षक जमले. २०२४ मध्ये मुंबई सिटीने पुन्हा आयएसएल चषक जिंकला.

मैदानावरचे यश आणि हिशेबवही यांचा मेळ मात्र बसला नाही. आयएसएल क्लबांच्या खेळाडूंवरील खर्चाला दीर्घकाळ १६.५ कोटी रुपयांची मर्यादा होती. सात हजार आसनांचे मैदान प्रत्येक वेळी भरले तरी तिकिटांतून एवढी रक्कम उभी राहत नाही, आणि तिकिटे महाग केली तर मैदानच रिकामे राहते. उरलेला आधार प्रायोजक आणि प्रक्षेपणाच्या पैशाचा. लीगसह भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क २०१० च्या करारानुसार पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींना दिलेले होते. तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत असताना नवा झाला नव्हता, म्हणून २०२५-२६ चा हंगाम लांबला. त्याच महिन्यात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतले आणि क्लब मूळ भागधारकांकडे परतला.

प्रेक्षक कुठून येतो : मुंबई महानगरातला प्रेक्षक मोजताना भिवंडीसारख्या शहराकडे पाहावे. यंत्रमागांचे हे शहर अंधेरीपासून नकाशावर जवळ दिसते. पण भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर आहे आणि त्यावर प्रवासी गाड्या मोजक्याच. भिवंडीच्या पोराला संध्याकाळी साडेसातचा सामना पाहायचा तर रिक्षाने वा बसने ठाणे, तिथून लोकलने घाटकोपर, मग मेट्रोने आझाद नगर. सामना साडेनऊला सुटल्यावर हाच प्रवास उलट, आणि ठाण्यानंतर मिळेल ते वाहन. तिकिटापेक्षा परतीचे भाडे जास्त. त्यापेक्षा तो गल्लीतल्या मित्रांबरोबर मोबाइलवर सामना पाहतो, आणि त्याला बेइमान म्हणणे अन्यायाचे आहे. रात्री उशिरा टीव्हीच्या सोयीने सामने ठेवणाऱ्यांनी महानगराच्या उत्तर-पूर्व पट्ट्यातला प्रेक्षक आधीच वजा केलेला असतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो पूर्ण झाली तर या गणितात खरा फरक पडेल.

कोल्हापूर : महाराष्ट्रात क्लबनिष्ठा पिढीजात झाली ती इथेच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, उत्तरेश्वर, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी अशा साधारण सोळा संघांची वरिष्ठ लीग कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन (केएसए) भरवते. छत्रपती घराण्याचा आश्रय हा या खेळाचा पाया असून शाहू छत्रपती संस्थेचे प्रमुख आश्रयदाते आणि मालोजीराजे अध्यक्ष राहिले आहेत. सामने शाहू स्टेडियमवर, शहराच्या मध्यात. पेठेतून चालत पोचता येते, आणि प्रेक्षकसंख्येचे निम्मे उत्तर इथेच मिळते.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. त्याच मंडळाचा गणपती, त्याचेच पुरात धावणारे कार्यकर्ते आणि त्याचाच फुटबॉल संघ. त्यामुळे संघ निवडायचा नसतो. ज्या गल्लीत जन्म, तो संघ आपला. पैसा वर्गणीतून, भागातल्या व्यापाऱ्यांकडून, नोकरी-धंद्यानिमित्त बाहेर गेलेल्या जुन्या खेळाडूंकडून आणि राजकीय नेत्यांकडून येतो. लीगनंतर भरणाऱ्या सतेज चषक, अटल चषक, महापौर चषक अशा बाद फेरीच्या स्पर्धांची लाखांतली बक्षिसे संघाच्या हंगामाचा मोठा भाग उचलतात. एक नेता मागे सरला तर दुसरा येतो आणि दोघेही नसले तर पेठ वर्गणी वाढवते. एका माणसाच्या निर्णयाने पाटाकडील किंवा खंडोबा बंद पडेल अशी सोयच इथे नाही. जर्मनीतल्या क्लबांमध्ये निम्म्याहून जास्त मताधिकार सभासदांकडे राखावा लागतो. कोल्हापुरात असा लेखी नियम नाही, तरी व्यवहारात संघ पाठीराख्यांचाच असतो.

पाटाकडील आणि दिलबहार यांची लढत असली की दुपारपासून रस्त्यावर झेंडे लावलेल्या दुचाकी दिसतात. प्रेक्षागृहात प्रत्येक पेठेची जागा ठरलेली असते. गांधी मैदानावर सराव करणाऱ्या पोराने बदली खेळाडू म्हणून मैदानात पाऊल टाकले तरी त्याचे नाव घेऊन ओरडणारे शेकडो असतात. सामना टायब्रेकरवर गेला की अख्खा स्टँड उभा, आणि विजयानंतर हलगीच्या तालावर पेठेत मिरवणूक.

या निष्ठेची किंमतही आहे. ईर्ष्येच्या सामन्यांनंतर हुल्लडबाजी आणि दगडफेक झालेली आहे, पोलिसांचा बंदोबस्त वाढत गेला आहे आणि कुटुंबासह येणारा प्रेक्षक त्यामुळे कचरतो. बाहेरगावचे आणि आफ्रिकी खेळाडू आणण्याची चढाओढ लागली, मानधन वाढले आणि वर्गणीवर चालणाऱ्या संघांची दमछाक होऊ लागली. बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर केएसएने बंधन घातले ते योग्यच झाले, कारण पेठेतला पोरगा बाकावर बसला तर पेठेने वर्गणी का द्यावी, हा प्रश्न खरा आहे. सामन्यांचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होऊ लागल्यापासून पुण्या-मुंबईत आणि आखातात असलेले कोल्हापूरकर पुन्हा आपल्या संघाशी जोडले गेले आहेत आणि देणगीही पाठवतात. साध्या लीग सामन्यांची गर्दी यामुळे काहीशी पातळ होते; अंतिम सामन्यावर परिणाम झालेला दिसत नाही.

शहराने २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव देशाला दिला. मात्र तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. तालीम मंडळांकडे युवा संघ, पगारी प्रशिक्षक आणि परवान्यासाठी लागणारी कागदपत्रे नसल्याने राष्ट्रीय लीगचे दार त्यांना बंद आहे. महिलांच्या इंडियन वुमेन्स लीगमध्ये मात्र एफसी कोल्हापूर सिटी हा संघ २०१९ च्या सुमारास उतरला होता.