पहाऱ्यावरच्या उपग्रहांची जुनी नोंद : गॅमा किरण स्फोटांच्या शोधाचा इतिहास

१/ २ जुलै १९६७. पृथ्वीपासून लाखभर किलोमीटरहून अधिक उंचीवर फिरणाऱ्या अमेरिकेच्या लष्करी उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला. चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडण्यासाठी हे उपग्रह पाठवले होते. पण तो झोत कोणत्याही अणुचाचणीचा नव्हता. मग कशाचा होता? हे झोत किती दुरून येतात, एवढे कळायलाच ३० वर्षे लागली. आजचा धागा त्या ३० वर्षांचा आणि त्यानंतरच्या पाठलागाचा. लांब आहे, सावकाश वाचावा.

२/ पार्श्वभूमी शीतयुद्धाची. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी मर्यादित अणुचाचणी बंदी करारावर सह्या केल्या. वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली चाचण्या करण्यास मनाई झाली. भूमिगत चाचण्यांना मुभा राहिली. १० ऑक्टोबरला करार अमलात आला. सह्या झाल्या, तरी परस्परांवर विश्वास मात्र कोणाचाच नव्हता. समजा, कोणी चंद्राच्या आडोशाला बॉम्ब फोडला तर?

३/ या शंकेतूनच ‘वेला’ उपग्रहांची मालिका जन्मली. स्पॅनिश भाषेत ‘वेलार’ म्हणजे जागता पहारा देणे. करार लागू झाल्यानंतर आठवडाभरातच पहिली जोडी अवकाशात गेली. अवकाशात अणुस्फोट झाला, तर धूर दिसत नाही आणि आवाजही पोहोचत नाही; पण क्ष-किरण, गॅमा किरण आणि न्यूट्रॉन लपवता येत नाहीत. वेलावरील उपकरणे नेमकी हीच टिपत. उपकरणांची जबाबदारी न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोस प्रयोगशाळेकडे होती. पहिला अणुबॉम्ब जिथे तयार झाला, तीच ही प्रयोगशाळा.

४/ अणुस्फोटातील गॅमा किरणांची पहिली चमक सेकंदाच्या दशलक्षांश भागापेक्षाही कमी काळ टिकते आणि त्यानंतर किरणोत्सारी अवशेषांतून येणारा मारा सतत घटत जातो. १९६७ च्या नोंदीत मात्र दोन शिखरे होती आणि सारा प्रकार काही सेकंद चालला होता. बॉम्बची खूण ही नव्हे. सूर्यावर त्या दिवशी मोठा उद्रेक झाल्याचीही नोंद नव्हती. धोक्याचा इशारा देण्याजोगे काही नसल्याने नोंद बाजूला पडली.

५/ ती वर आली मार्च १९६९ मध्ये. रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन हे दोघे वेला उपग्रहांच्या जुन्या नोंदी ताडून पाहत होते. त्यामागे एक शास्त्रीय कुतूहलही होते. स्टर्लिंग कोलगेट या भौतिकशास्त्रज्ञाने असे मांडले होते की, फुटणाऱ्या ताऱ्यातूनही गॅमा किरणांची चमक निघू शकेल. तसे असेल, तर पहारेकरी उपग्रह ताऱ्याच्या मरणाला बॉम्ब समजून बसण्याचा धोका होता. म्हणून जुने कागद काढले गेले आणि त्यांत २ जुलै १९६७ ही तारीख सापडली.

६/ इथे एक लोकप्रिय समज तपासून पाहू. ‘अमेरिकी लष्कराने हा शोध सहा वर्षे गुप्त ठेवला’ हे वाक्य आपण अनेकदा वाचतो. १९६७ ची नोंद, १९७३ चा शोधनिबंध. मधली सहा वर्षे संशयास्पद वाटणारच. पण कालक्रम नीट मांडला की चित्र बदलते. पहिली दोन वर्षे ती नोंद कोणाच्या लक्षातच आलेली नव्हती. पुढची चार वर्षे गेली ती पडताळणीत. हा शोध कधीच गोपनीय ठरवला गेला नव्हता, असे क्लेबेसाडेल यांनीही नंतर स्पष्ट केले.

७/ पडताळणी कसली? दिशेची. १९६७ च्या उपग्रहांची घड्याळे पुरेशी काटेकोर नव्हती. १९६९ आणि १९७० मध्ये गेलेल्या वेला-५ आणि वेला-६ या जोड्या सेकंदाच्या चौसष्टाव्या भागापर्यंत वेळ नोंदवू शकत. कक्षेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला प्रकाशाला जवळपास एक सेकंद लागे. एकच झोत कोणत्या उपग्रहावर आधी आणि कोणत्या उपग्रहावर नंतर आदळला, यावरून त्याची साधारण दिशा काढता येऊ लागली.

८/ जुलै १९६९ ते जुलै १९७२ या काळातील १६ झोत अशा रीतीने तपासले गेले. एकही पृथ्वीकडून आलेला नव्हता. एकही सूर्याकडून आलेला नव्हता. १ जून १९७३ रोजी क्लेबेसाडेल, इयन स्ट्राँग आणि ओल्सन यांचा निबंध ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नासाच्या गोडार्ड केंद्रातील थॉमस क्लाइन आणि उपेंद्र देसाई यांनी आयएमपी-६ या वेगळ्याच उपग्रहाच्या नोंदींतून या झोतांना दुजोरा दिला.

९/ आता खरी पंचाईत सुरू झाली. झोत येतो, काही सेकंदांत विझतो आणि मागे काही ठेवत नाही. गॅमा किरण आरशाने वळवून एकत्र आणता येत नाहीत. ते आरपार निघून जातात. त्यामुळे नेमकी जागा कळत नाही, आणि जागा नाही म्हणून अंतरही नाही. अंतर ठाऊक नसले, की शेजारचा काजवा आणि दूरचा वणवा यांत फरक करता येत नाही. पुढील २० वर्षांत शंभराहून अधिक उपपत्ती मांडल्या गेल्या. सूर्यमालेच्या सीमेपासून विश्वाच्या टोकापर्यंत.

१०/ बहुतेकांचा कल एकाच बाजूला होता : हे झोत आपल्या आकाशगंगेतील न्यूट्रॉन ताऱ्यांचे असावेत. कारण सरळ होते. स्रोत जवळ मानला की लागणारी ऊर्जा आवाक्यात राहते. तो शेकडो कोटी प्रकाशवर्षे दूर मानला, तर काही सेकंदांत इतकी ऊर्जा कुठून येईल, याचा हिशेबच लागत नव्हता. पोलिश शास्त्रज्ञ बोहदान पाचिन्स्की १९८६ पासून दूरच्या बाजूने बोलत होते. पण त्यांच्याबरोबर फार थोडे जण होते.

११/ ५ एप्रिल १९९१ रोजी ‘अटलांटिस’ यानातून कॉम्प्टन गॅमा किरण वेधशाळा अवकाशात गेली. तिच्या आठ कोपऱ्यांवर ‘बॅट्सी’ या उपकरणाचे आठ शोधक बसवले होते. जेराल्ड फिशमन त्याचे प्रमुख. दिवसाला सरासरी एक झोत हाती येऊ लागला. सर्वांची अपेक्षा अशी, की हे बिंदू नकाशावर मांडले म्हणजे आकाशगंगेचा पट्टा उमटेल. तसा पट्टा उमटलाच नाही. बिंदू साऱ्या आकाशात सारखेच विखुरलेले होते.

१२/ याचा अर्थ लक्षात घ्या. आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे बाजूला आहे. स्रोत तिच्या तबकडीत असते, तर एका दिशेला गर्दी आणि दुसरीकडे विरळपणा दिसायला हवा होता. तरीही वाद मिटला नाही. डोनल्ड लॅम यांच्या मते आकाशगंगेभोवती दूरवर पसरलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा एक विशाल गोल असावा. तो पुरेसा मोठा असेल, तर आतून पाहणाऱ्याला सर्वत्र सारखाच दिसेल. नकाशा एकच होता. त्याचे अर्थ मात्र दोन निघत होते.

१३/ २२ एप्रिल १९९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये दोघांची जाहीर चर्चा झाली. स्थळ आणि निमित्त मुद्दाम निवडलेले. ७५ वर्षांपूर्वी, एप्रिल १९२० मध्ये याच शहरात हार्लो शॅपली आणि हीबर कर्टिस यांनी आपल्या दीर्घिकेचा आकार आणि सर्पिल तेजोमेघांचे अंतर यांवर वाद घातला होता. पाचिन्स्की म्हणत होते, दूर. लॅम म्हणत होते, जवळ. अध्यक्षस्थानी मार्टिन रीस. निकाल लागला नाही. सगळ्यांना हवा होता एकच पुरावा : मोजलेले अंतर.

१४/ तो पुरावा आणला ३० एप्रिल १९९६ रोजी सोडलेल्या ‘बेप्पोसॅक्स’ या इटली आणि नेदरलँड्सच्या उपग्रहाने. ज्युसेप्पे ऑक्यालिनी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाचे लाडके नाव ‘बेप्पो’. त्यावरून हे नाव. त्यावर दोन प्रकारची उपकरणे होती : रुंद क्षेत्र पाहणारे क्ष-किरण कॅमेरे आणि छोट्या क्षेत्राकडे बारकाईने पाहणाऱ्या दुर्बिणी. रुंद कॅमेऱ्याने जागा सांगायची आणि दुर्बिणीने तिकडे वळून पाहायचे.

१५/ २८ फेब्रुवारी १९९७. झोत आला. एन्रिको कोस्टा आणि सहकाऱ्यांनी सुमारे आठ तासांत उपग्रह वळवला. त्या जागी क्ष-किरणांचा एक नवा स्रोत दिसत होता. ३ मार्चला पुन्हा पाहिले, तेव्हा तो कितीतरी मंदावला होता. दरम्यान, यान व्हान पाराडाइस यांच्या गटाने ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीतून त्याच रात्री छायाचित्र घेतले होते. ८ मार्चच्या छायाचित्राशी ते ताडले, तर पहिल्यात असलेला एक प्रकाशबिंदू दुसऱ्यात नव्हता.

१६/ झोतामागे रेंगाळणारी ही प्रभा, म्हणजेच आफ्टरग्लो, मानवाने प्रथमच पाहिली. ‘झोत मागे काही ठेवत नाही’ हा समज चुकीचा ठरला. मागे खूण राहत होती. आपण वेळेवर पोहोचत नव्हतो, इतकेच.

१७/ अवघ्या दहा आठवड्यांनी, ८ मे १९९७ रोजी दुसरा झोत सापडला. ११ मे रोजी हवाईतील केक दुर्बिणीने त्याच्या प्रभेचा वर्णपट घेतला. वाटेतल्या वायूमधील लोह आणि मॅग्नेशियम यांच्या रेषा त्यात उमटल्या होत्या आणि त्या तांबड्या बाजूला सरकलेल्या होत्या. रेडशिफ्ट ०.८३५. म्हणजे तो प्रकाश किमान ७०० कोटी वर्षे प्रवास करत होता. आपल्या पृथ्वीच्या जन्माआधी निघालेला. पाचिन्स्कींचे म्हणणे खरे ठरले.

१८/ ऊर्जेचे कोडेही हळूहळू सुटले. हा स्फोट सर्व दिशांना सारखा पसरत नाही. अरुंद झोताच्या रूपात निघतो, आणि तो आपल्या रोखाने असेल तरच आपल्याला दिसतो. तरीही सूर्य आपल्या संपूर्ण आयुष्यात जितकी ऊर्जा देईल, साधारण तितकी काही सेकंदांत बाहेर पडते. दोन सेकंदांहून लांब झोतांचा संबंध बहुतांशी प्रचंड ताऱ्यांच्या मृत्यूशी आहे. आखूड झोतांचे प्रभावी स्पष्टीकरण न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे. त्याचा भक्कम पुरावा १७ ऑगस्ट २०१७ रोजी मिळाला. गुरुत्वीय लहरींनंतर केवळ १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने झोत टिपला.

१९/ बेप्पोसॅक्सला वळायला तास लागत. २० नोव्हेंबर २००४ रोजी सुटलेली ‘स्विफ्ट’ ही दुर्बीण हे काम आदेशाची वाट न पाहता स्वतःच करते. तिच्या एका उपकरणावर शिशाच्या हजारो तुकड्यांचा पडदा आहे. गॅमा किरण येताच त्याची सावली शोधकावर पडते आणि सावलीच्या नक्षीवरून संगणक दिशा काढतो. मिनिट-दीड मिनिटात यान त्या दिशेला वळते आणि तोवर जगभरच्या वेधशाळांना संदेश गेलेला असतो.

२०/ या पाठलागात आपणही आहोत. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून भारताची ‘ॲस्ट्रोसॅट’ सुटली. तिच्यावरील सीझेडटीआय हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह अनेक संस्थांनी घडवले. त्याच्या माहितीचे काम पुण्याच्या आयुकामध्ये चालते. ते सुरू झाले त्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, त्याने एक गॅमा किरण स्फोट नोंदवला. त्यानंतर अशा शेकडो स्फोटांची भर पडली. झोत विझल्यावर दिवसेंदिवस, महिनोन्महिने टिकणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणींत नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटीही आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना.

२१/ इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला या कथेत रस वाटतो तो कागदांमुळे. वेलाच्या नोंदी खगोलशास्त्रासाठी केलेल्याच नव्हत्या. जमाखर्चाच्या दप्तरात एखाद्या दुष्काळाची बातमी सापडावी, तसे हे झाले. निरुपयोगी म्हणून ती नोंद फेकून दिली असती, तर कदाचित हा शोध आणखी काही वर्षे लांबला असता. आणि शोध लागल्यावरही घाईने छापण्याऐवजी चार वर्षे दिशा तपासत बसणारे लोक होते. त्या संयमालाच आपण पुढे ‘गुप्तता’ असे नाव दिले.

२२/ एक खंत मात्र उरते. २ जुलै १९६७ चा तो पहिला झोत नेमका कुठून आला, हे आता कधीच कळणार नाही. त्याची प्रभा असेलही. पण तिच्याकडे तेव्हा कोणी दुर्बीण वळवली नाही, आणि ती केव्हाच विझून गेली. आपल्याकडे उरली आहे ती दोन शिखरांची एक रेघ.

(समाप्त. दुसऱ्याच कामासाठी केलेल्या नोंदीतून लागलेला असा एखादा शोध तुम्हाला ठाऊक असेल, तर खाली जरूर लिहा. पुढचा धागा त्यावरही होऊ शकेल.)