पानिपत आणि वॉटर्लू: जालना जिल्ह्यातील दोन दुवे

आशाभंग आणि दारुण पराभव व्यक्त करण्यासाठी मराठीत ‘पानिपत होणे’, तर इंग्रजीत ‘वॉटर्लू भेटणे’ असे म्हणतात. या दोन्ही रणांगणांपासून जालना जिल्हा दूर असला, तरी दोन्ही वाक्प्रचारांमागील इतिहासाचे धागे या जिल्ह्यातून गेलेले आहेत.

उदगीरच्या लढाईत फेब्रुवारी 1760 मध्ये निजामावर विजय मिळवल्यानंतर मराठी फौजा जिल्ह्यातील परतूर परिसरात असताना, दिल्लीजवळच्या बुराडी घाटावर 10 जानेवारीला मराठा सरदार दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडल्याची वार्ता दक्षिणेत आली. नानासाहेब पेशवे आणि सरदार यांची परतूरला मसलत, म्हणजे मोहिमेविषयीची सल्लामसलत, झाली. पेशव्यांचे भाऊ राघोबादादा यांच्या आधीच्या उत्तरेकडील मोहिमेने कर्जाचा डोंगर उभा राहिला होता. त्यामुळे या वेळी मुखत्यारी पेशव्यांचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ यांच्याकडे देऊन, पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव यांना नाममात्र सेनापती नेमण्यात आले. 14 मार्च 1760 रोजी परतूरहून कूच झाले आणि बरोबर दहा महिन्यांनी, 14 जानेवारी 1761 रोजी, पानिपतावर सारे संपले. नानासाहेबांना ही बातमी उत्तरेकडे जाताना वाटेत एका सावकारी पत्रातून कळली. त्यात माणसांची नावे न घेता हरवलेली मोत्ये, मोहरा आणि खुर्दा, म्हणजे सुटी नाणी, अशा सांकेतिक भाषेत हानी सांगितलेली होती.

दुसरा धागा जिल्ह्याच्या उत्तर भागातील असईचा. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात शिंदे-भोसले यांच्या सैन्याशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. केळणा नदीला उतार नाही, असे वाटाड्ये सांगत असताना, समोरासमोरच्या काठांवर दोन गावे वसलेली दिसताच, त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला आणि तेथूनच फौज पार नेली. त्या दिवशी इंग्रजांचे सुमारे 1,600 लोक मारले गेले वा जखमी झाले, पण मराठ्यांच्या जवळजवळ 100 तोफा त्यांच्या हाती लागल्या. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 18 जून 1815 रोजी वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला. तरीही आपली सर्वोत्तम लढाई म्हणून तो उतारवयात असईचेच नाव घेत असे.

पानिपतानंतर दहा वर्षांत मराठे दिल्लीत परतले, तर असईच्या वर्षीच दिल्ली इंग्रजांकडे गेली आणि मराठी सत्तेला पुन्हा तसे डोके वर काढता आले नाही. राजकीय परिणामांच्या हिशेबाने वाक्प्रचार असईचा व्हायला हवा होता. तो झाला नाही, याचे कारण बहुधा सैन्याच्या घडणीत सापडते: असईला शिंद्यांचा मुख्य भरवसा युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाताखालील, पगारी आणि कवायती पलटणींवर होता, तर पानिपतावर पेशव्यांच्या घरापासून सामान्य शिलेदारांपर्यंत, म्हणजे स्वतःचे घोडे घेऊन चाकरी करणाऱ्या स्वारांपर्यंत, असंख्य घरांतील कर्ती माणसे एका दिवसात गेली. निवडणुकीत पक्षाचा धुव्वा उडाला की मराठी वृत्तपत्रे आजही ‘पानिपत’ असाच मथळा देतात. भाषेने राज्य गेल्याच्या दुःखापेक्षा घरे ओस पडल्याचे दुःख अधिक काळ जपले आहे.