पंचातला पाचवा

साखर, लिंबू, जायफळ आणि पाणी. पंच नावाच्या पेयात पाच वस्तू लागतात असं जुनी इंग्रजी पुस्तकं सांगतात. त्यांतल्या या चार. आखाडा बाळापूरच्या बाजारात पाणी सोडून बाकीचं सगळं एका फेरीत पिशवीत येतं. पाचवी वस्तू मात्र इथे नाही, हिंगोलीत नाही, नांदेडच्या परवानाधारक दुकानांतही नाही. ती वस्तू म्हणजे गोव्याचा अरक. एकेकाळी लंडनचे शौकीन ज्याच्यासाठी वाटेल ती किंमत मोजत, तो माडाच्या रसाचा अर्क.

पंचाचा कागदावरचा पहिला उल्लेख 1632 सालचा, आणि तोही हिंदुस्थानातलाच. रॉबर्ट ॲडम्स नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाने पूर्व किनाऱ्यावरच्या पेटापोलीतल्या मित्राला पत्र लिहिलं. त्यात पंच पिण्याचा उल्लेख आहे. सहा वर्षांनी मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेला आला. त्याने लिहिलेल्या कृतीत दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर अशा चारच वस्तू आहेत. फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच प्रवाशाने बंगालमधली कृती लिहिली: गुळाची दारू, लिंबू, पाणी, थोडं जायफळ. मोजा, पुन्हा चारच.

मग पाच आले कुठून? जॉन फ्रायर या कंपनीच्या डॉक्टराकडून. तो 1672 ते 1681 या काळात इकडे आणि इराणात हिंडला, आणि 1698 मध्ये त्याचं पुस्तक निघालं. पंच म्हणजे हिंदुस्थानी भाषेतला पाच, घटक पाच म्हणून हे नाव, असं तो ठासून सांगतो. विद्वानांचं यावर एकमत नाही. काहींच्या मते नाव पिंपाच्या इंग्रजी शब्दावरून आलं. मला स्वतःला फ्रायरचं म्हणणं पटतं, पण भांडण मिटवण्याइतका पुरावा कुणाच्याच हातात नाही. फ्रायरचं महत्त्व दुसऱ्याच ओळीमुळे आहे. उत्तम अरक नेरूलला होतो आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्याचाच पंच करतात, असं तो लिहितो. नेरूल म्हणजे नवी मुंबईतलं नेरूळ नव्हे; हे गोव्याच्या बारदेशातलं, मांडवीच्या मुखाजवळचं गाव. हरवलेल्या वस्तूचा इतका नेमका पत्ता सहसा मिळत नाही.

हा अरक नेमका कसा होता, ते समजायला फ्रायरच्याही शंभर वर्षं मागे जावं लागतं. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, आणि औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक गोव्यातच 1563 मध्ये छापलं गेलं. माडाच्या पोयीला छेद देऊन काढलेला रस म्हणजे सुरा, आपल्याकडची माडीच. ती आंबली की भट्टीवर चढवायची. पहिल्या धारेचा, फडका बुडवून काडी लावली तर पेटेल असा जो अर्क, त्याला ऑर्ता ‘फुला’ म्हणतो, म्हणजे फूल. त्यानंतरचा सौम्य, तो ‘ओर्राका’. गोव्यात काजूच्या पहिल्या धारेला आज उर्राक म्हणतात, तो याच ओर्राकाचा वंशज. झाड बदललं, धारेचा क्रम बदलला, नाव तेवढं टिकून राहिलं. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. पुढे उत्तर गोव्यात काजूच्या फेणीने माडाच्या फेणीला मागे सारलं. दक्षिणेत माड तग धरून राहिला.

इंग्रजी बाजारात तीन अरक चालत. गोव्याचा माडाचा, बंगालचा जास्त कडक, आणि बटेव्हियाचा, म्हणजे जावा बेटावर उसाच्या मळीत लाल तांदळाचं किण्व घालून केलेला. स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीने गोथेनबर्गला जावाचा अरक नेला आणि तिथे त्याची गोड मद्यार्काची बाटली झाली. ती आजही विकली जाते. गोव्याच्या अरकाला असा आश्रयदाता भेटला नाही. वेस्ट इंडीजची रम जवळची आणि स्वस्त होती, तिने त्याची जागा घेतली.

तरी जुन्या कृतींमधून त्याचं नाव निघेना. जेरी थॉमसच्या 1862 च्या पुस्तकाकडे बघा. मद्यमिश्रणांचं हे अमेरिकेतलं पहिलं नावाजलेलं पुस्तक, आणि त्यात नकली अरकाची कृती आहे: क्वार्टभर रममध्ये दोन स्क्रूपल ‘बेंझॉइनची फुलं’ विरघळवा. स्क्रूपल हे औषधवाल्यांचं वजन, दोन मिळून अडीच ग्रॅमच्या आसपास. बेंझॉइन म्हणजे आपला लोबान, ऊद. तो तापवला की वर थंड भांड्याला जे पांढरे स्फटिक चिकटतात, ती त्याची फुलं. संध्याकाळी धुपाटण्यात जो खडा आपण टाकतो, त्याच्या वासावरून न्यूयॉर्कचा माणूस माडाची आठवण काढत होता. खरी वस्तू मिळेनाशी झाली तरी तिच्या चवीचा हट्ट सुटत नाही तो असा.

या पंचाच्याच वंशात टिकी कॉकटेलं जन्मली. अमेरिकेतली दारूबंदी 1933 च्या डिसेंबरात उठली, आणि त्याच सुमाराला अर्नेस्ट गँट या माणसाने हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ हा बार काढला. बांबू, लाकडी देव, आणि रमच्या गुंतागुंतीच्या मिश्रणांना पॉलिनेशियाचा मुखवटा. आत सगळं वेस्ट इंडीजच्या पंचाचंच घराणं. कृती चोरीला जाऊ नयेत म्हणून तो बाटल्यांवर नुसतं ‘डॉन्स मिक्स’ नाहीतर मसाल्याचा क्रमांक लिही. ओतणाऱ्यालाही आत काय आहे ते कळत नसे. त्याच्या झोंबी या पेयाची मूळ कृती टिकीचा अभ्यासक जेफ बेरी याने शोधली ती एका जुन्या वाढप्याच्या 1937 च्या वहीतून, आणि ‘डॉन्स मिक्स’चा उलगडा व्हायला त्यानंतरही वेळ गेला. निघालं काय, तर ग्रेपफ्रूटचा रस आणि दालचिनीचा पाक. बेरीने ही सगळी शोधकथा 2007 च्या पुस्तकात लिहिली आहे.

टिकीतली दुसरी हरवलेली बाटली पिमेंटो ड्रॅमची, म्हणजे रममध्ये मुरवलेल्या ऑलस्पाइसची. ती घरी करायला निघालेल्या मराठी माणसाची हमखास फजिती होते. मसाल्याच्या दुकानात ऑलस्पाइस मागितली की बरेचदा कबाबचिनी पुढे येते, आणि कबाबचिनी म्हणजे खरं तर कंकोळ, मिरीच्या कुळातलं. तळहातावर घेऊन बघा. कंकोळाच्या दाण्याला बारीक शेपटी असते. ऑलस्पाइसला शेपटी नसते. दाणा जरा मोठा, तपकिरी, आणि चुरगळला की लवंग-दालचिनीचा वास. शेपटी दिसली की दाणा परत द्यावा. काळ्या मसाल्यात कंकोळ खपून जाईल, रममध्ये नाही.

आता मूळ प्रश्न. माड कापले गेले नाहीत, रस आटला नाही, मग अरक गेला कुठे? माझ्या मते त्याला रमने जितकं मारलं त्याहून जास्त आबकारीने. मुंबई इलाख्यात 1878 चा आबकारी कायदा आला. झाडावरचा कर चढला, गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून गाळण मोठ्या कारखान्यांकडे नेण्यात आलं. माड चढणाऱ्या भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा सरकारी खात्याच्या वहीत जमा झाला. 1892 च्या म्हौरा कायद्याने तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध घातले. इकडे निजामाच्या राज्यात, ज्यात बाळापूर 1948 च्या सप्टेंबरपर्यंत होतं, ओढ्याकाठच्या शिंदीवर हीच कळा आली. झाडं मक्त्याने दिली जात आणि शिंदी-ताडी-मोहाचं उत्पन्न हा खजिन्याचा मोठा आधार होता. शिंदी ही माडीची मराठवाड्यातली बहीण. तिला भट्टीवर चढवून अरक केल्याची कीर्ती कधी झाली नाही. ती ताजीच प्यायची. मग मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला.

गोव्यातही फेणी कायद्याने ‘देशी दारू’ होती, म्हणून राज्याबाहेर विकणं अवघड. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. महाराष्ट्राने 2022 मध्ये काजू आणि मोहाच्या दारूवरचा ‘देशी’ हा शिक्का काढायचं ठरवलं आणि तिला चक्क विदेशी मद्याच्या वर्गात बसवलं. मोहाचं झाड विदेशी! पण इतकी वर्षं याच रकान्याने दारूची जात ठरवली आणि गिऱ्हाईकही ठरवलं, तेव्हा हसता हसता त्यातला फायदाही समजून घ्यायला हवा.

तेव्हा जुन्या कृतीत ‘गोवा अरक’ दिसला तर लोबान शोधू नका, दक्षिण गोव्यातली माडाची फेणी शोधा. राज्याच्या सीमेवरून बाटली आणण्याचे नियम आधी विचारून घ्या. काजूची चालत नाही, तिच्या वासापुढे जायफळ हरतं. लिंबाची साल साखरेत रगडून तिचं तेल काढायचं असं इंग्रजी कृती सांगतात, पण आपल्या कागदी लिंबाच्या पातळ सालीतून फारसं तेल निघत नाही. त्यापेक्षा साखर रसातच विरघळवावी, फेणी घालावी, तिच्या दुपटीने गार पाणी, आणि जायफळ शेवटी, पेल्यावरच किसून. किसून ठेवलेल्या जायफळाचा वास लवकर उडून जातो.